झेंड्याचा खांब घ्यायचाय? उंची सगळ्यात शेवटी ठरवा

जुलै सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, शाळेच्या समितीत, गावातल्या मंडळात हा विषय निघतोच, की यंदा झेंड्याला नवीन खांब घेऊया, जुना गंजलाय. आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती फुटी घ्यायचा? शेजारच्या सोसायटीचा 30 फुटी आहे म्हणून आपला 40 फुटी. माझं स्पष्ट मत आहे की उंची सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी जागा बघा, मग झेंडा कुठल्या मापाचा आणि वर्षातून किती दिवस फडकणार ते ठरवा, मग दोरी, कप्पी, देखभाल कोण बघणार ते, आणि हे सगळं झालं की उंची आपोआप निघते.

जागेपासून सुरू करू, कारण इथे चूक झाली तर जीव जातो, अतिशयोक्ती नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कर्नाटकात कोप्पळला एका वसतिगृहात स्वातंत्र्यदिनानंतर झेंड्याचा लोखंडी खांब काढताना तो विजेच्या तारेला लागला आणि पाच विद्यार्थी गेले. पाच मुलं! खांब उभा असताना तार लांब वाटते, पण तो उभा करताना आणि उतरवताना आडवा होतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून साधा हिशोब धरा, खांब कुठल्याही दिशेला सपशेल आडवा पडला तरी त्याचं टोक तारेपर्यंत पोचता कामा नये आणि त्याशिवाय आणखी काही फूट मोकळे राहिले पाहिजेत. म्हणजे 20 फुटी खांब असेल तर चहूबाजूंनी 25 फुटात एकही ओव्हरहेड लाइन नको, मग ती घरगुती सर्व्हिस वायर का असेना. जागाच तेवढी नसेल तर खांब छोटा घ्या, विषय संपला. उंची शेवटी ठरवा म्हणतो ते यासाठीच. आणि खांब उभा करायचं काम मुलांना अजिबात देऊ नका, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर तर नाहीच.

जागेचं बाकीचं थोडक्यात. झाडाची फांदी झेंड्याला लागायला नको, वारा आला की कापड तिथेच फाटतं. गटार, ड्रेनेज चेंबर किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर खड्डा नीट खोल घेता येत नाही. शाळेसाठी ध्वजसंहितेत, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या सरकारी नियमावलीत, रचनाच सांगितलीय, मुलं तीन बाजूंनी चौकोनात उभी आणि चौथ्या बाजूच्या मधोमध ध्वजस्तंभ, त्यामुळे मैदानाच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून खांब लावू नका, नंतर दरवर्षी रांगा लावताना सर आणि बाई वैतागतात.

आता झेंडा. तिरंग्याचं प्रमाण 3:2 हे पक्कं, आणि ध्वजसंहितेत मापांची यादीच आहे, वाटेल ते माप नसतं. आपल्या कामाची म्हणजे 900 बाय 600 मिलिमीटर, 1350 बाय 900, 1800 बाय 1200, 2700 बाय 1800 आणि फारच मोठं मैदान असेल तर 3600 बाय 2400. अंदाज असा ठेवा की झेंड्याची लांबी खांबाच्या उंचीच्या साधारण पाव ते पाचवा हिस्सा असली की डोळ्याला बरी दिसते. 15 फुटी खांबाला 900 बाय 600, 20 फुटीला 1350 बाय 900, 30 फुटीला 1800 बाय 1200. उंच खांबावर चिमुकला झेंडा लावला की तो लांबून दिसतही नाही, आणि छोट्या खांबावर मोठा लावला तर वाऱ्यात खांब डुलायला लागतो. हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण वाऱ्याचा जोर नुसत्या पाइपपेक्षा झेंडा फडफडताना बराच वाढतो.

कापडाचंही बघा. आधी हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं कापडच चालायचं, डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरचा आणि मशीनवर बनवलेलाही चालतो. वर्षातून दोन-चार दिवसच लावायचा असेल, म्हणजे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि मराठवाड्यात 17 सप्टेंबर, गोव्यात 19 डिसेंबर, तर खादीचाच घ्या. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज बनवते, आपल्याच माणसांच्या हाताला काम मिळतं आणि खादीचा झेंडा उलगडताना जो दिसतो त्याला तोड नाही. पण रोज लावायचा असेल तर पॉलिएस्टर बरा, खादी पावसात भिजून जड होते आणि वाळायला वेळ घेते. जुलै 2022 पासून सामान्य नागरिकालाही उघड्यावर किंवा घरावर झेंडा दिवसरात्र ठेवता येतो, आधी सूर्योदय ते सूर्यास्त होतं. फक्त परवानगी आहे म्हणून लावून विसरून जाऊ नका. फाटलेला, विटलेला झेंडा खांबावर ठेवणं हा नियमभंग आहेच पण त्याहून जास्त म्हणजे बघवत नाही हो. रोज लावणार असाल तर वर्षाला दोन-तीन झेंड्यांचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

मग खांब कशाचा? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जीआय पाइपच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, असतो आणि 20 फुटापर्यंत तो उत्तम, कारण पाइपची लांबीच 6 मीटरची येते. दुकानात पाइपवरचा रंगाचा पट्टा बघा, पिवळा म्हणजे लाइट, निळा म्हणजे मीडियम, लाल म्हणजे हेवी. पिवळ्या पट्टीचा झेंड्यासाठी घेऊ नका, स्वस्त पडतो पण पत्रा पातळ. कमीत कमी निळा. आणि वरपासून खालपर्यंत एकच दोन इंची पाइप लावण्यापेक्षा खालचा अर्धा भाग अडीच-तीन इंची आणि वरचा दोन इंची असा करून घ्या, वरचा पाइप खालच्यात निदान फूटभर आत जायला हवा, नुसता टोकाला टोक लावून वेल्डिंग मारलेला चालणार नाही. वेल्डिंग केलं की तिथलं गॅल्व्हनायझिंग जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून जोडावर झिंकचा प्रायमर मारल्याशिवाय वेल्डरला पैसे देऊ नका.

स्टेनलेस स्टील दिसायला छान, रंगकाम नाही, पण 304 ग्रेडचं म्हणून 202 हा स्वस्त, लवकर गंजणारा ग्रेड खपवणारे खूप आहेत. चुंबक लावून बघा असं सांगतात त्यावर जाऊ नका, चुंबक दोन्हीला धड चिकटत नाही. केमिकलचा थेंब टाकून टेस्ट होते ती समोर करून मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, मुंबईत समुद्रालगत, पणजी अशा खाऱ्या हवेत 304 लाही तपकिरी डाग येतात, तिथे 316 हा त्याहून टिकाऊ ग्रेड किंवा मग अ‍ॅल्युमिनियम. फायबरचा खांब गंजत नाही आणि हलका असतो, किनाऱ्यावर विचार करण्यासारखा आहे, पण तो दुरुस्त करणारा माणूस तुमच्या गावात आहे का ते आधी विचारा. बांबू? गावच्या शाळेत अजूनही लावतात आणि छोट्या झेंड्याला काही वाईट नाही, फक्त दरवर्षी नवा घ्या आणि खाली कुजलाय का ते ठोकून बघा.

वाऱ्याचं गणित गावागावात वेगळं आहे. बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्याला, नाशिकला मूळ वाऱ्याचा वेग 39 मीटर प्रति सेकंद धरतात, मुंबईला आणि नागपूरला 44. फरक छोटा वाटतो पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तोच खांब पुण्यापेक्षा मुंबईत पाव पटीहून थोडा जास्त भार खातो. म्हणून पुण्याच्या मामेभावाच्या सोसायटीत जो खांब उभा आहे त्याचा फोटो दाखवून मुंबईत तसाच बनवून घेऊ नका. निसर्ग आणि तौक्ते वादळं कोकणाने पाहिलीत, तिथे तर एक जाडी वरचीच घ्या आणि वादळाचा इशारा आला की झेंडा सन्मानाने उतरवून ठेवा. 30 फुटाच्या वर जाणार असाल तर फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कागदावर डिझाइन घ्या. कोल्हापूरचा 303 फुटी किंवा अटारीचा झेंडा बघून हौस वाटते, मलाही वाटते, पण एवढ्या उंचीवर कापड वाऱ्याने वारंवार फाटतं, त्याला माणसं, मोटर आणि कायमचा खर्च लागतो. सोसायटीला ते झेपत नाही.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही ती वस्तू, कप्पी. ऐन कार्यक्रमात प्रमुख पाहुणे दोरी ओढतायत आणि झेंडा अर्ध्यावर अडकलाय, सगळे वर बघतायत, राष्ट्रगीत थांबलंय, हे ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. बहुतेक वेळा दोष कप्पीचा असतो. खरेदी करताना कप्पी हातात घ्या, चाक आणि बाजूची पट्टी यांच्यामधली फट बघा. ती फट दोरीच्या जाडीपेक्षा कमी पाहिजे, नाहीतर दोरी खाचेतून निसटून फटीत जाऊन बसते आणि मग खालून कितीही हिसके द्या, ती जास्तच घट्ट होते. चाक पितळेचं किंवा नायलॉनचं घ्या, लोखंडी चाक एका पावसाळ्यात जाम होतं. दोरी 6 किंवा 8 मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर घ्या. सुती दोरी नको, ती पाऊस पडला की फुगते आणि 15 ऑगस्टला पाऊस असतोच. नायलॉन मजबूत असतं पण ताणलं जातं. लांबी खांबाच्या उंचीच्या दुप्पट अधिक पाच-सहा फूट, आणि दोरीच्या दोन टोकांची गाठ अशा जागी ठेवा की झेंडा टोकाला पोचला तरी गाठ कप्पीपर्यंत जाणार नाही. दोरी गुंडाळायचा हुक साडेचार-पाच फुटांवर, म्हणजे बुटक्या माणसाचाही हात पोचतो आणि खेळणाऱ्या पोरांचा पोचत नाही.

झेंडा आधी गुंडाळून वर चढवायचा असेल तर आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही, ते नियमात स्पष्ट आहे. भगव्याची बाजू वर आहे ना बघा, घडी घाला, पाकळ्या ठेवा, गुंडाळी करा, मग खालच्या दोरीचे दोनच वेढे द्या आणि दोरीचा फास त्या वेढ्यांखाली खोचा. सरळ गाठ मारायची नाही, आणि वेढे तीन-चार तर नाहीच नाही, भीतीपोटी लोक तिथेच घट्ट करतात. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच दोरीवर, त्याच झेंड्याने एकदा तरी करून बघा.

खांबाच्या टोकावर साधी टोपी पुरे, पाणी आत जायला नको एवढंच. तिथे त्रिशूळ, कमळ, एलईडीचा तारा, हार असलं काही नको, ध्वजस्तंभावर वर काहीही लावायला ध्वजसंहितेत मनाई आहे. एकाच खांबावर तिरंग्यासोबत दुसरा झेंडाही चालत नाही, भगवा असो वा मंडळाचा, त्याला वेगळा खांब करा आणि तो तिरंग्यापेक्षा उंच ठेवू नका.

पायाकडे येऊ. 20 फुटी खांबाला निदान अडीच फूट खोल आणि तेवढाच रुंद काँक्रीटचा पाया धरा. काळी माती असेल तर एवढ्यावर थांबू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम लागेपर्यंत खाली जा. पाइप थेट काँक्रीटमध्ये पुरायची पद्धत आहे ती मला पटत नाही, पाइप नेमका जमिनीलगत पाणी साचतं तिथे कुजतो आणि वरून रंग चकचकीत असताना खाली पोखरलेला असतो. त्यापेक्षा चार फाउंडेशन बोल्ट आणि त्यावर बेस प्लेट, आणि जमलं तर बिजागरीचा बेस करून घ्या. बिजागरी असली की दोन बोल्ट काढून चार माणसांनी खांब सावकाश आडवा करायचा, कप्पीला तेल, दोरी बदल, रंग, सगळं जमिनीवर बसून. नाहीतर दरवेळी कुणीतरी शिडी लावून चढणार. चबुतऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. खांब मोकळ्या मैदानात आजूबाजूच्या सगळ्यापेक्षा उंच असेल तर अर्थिंगही करा.

बाल्कनीवाल्यांचं काम सोपं आहे. तिरपा ब्रॅकेट, चांगले अँकर बोल्ट, तीन-चार फुटी हलकी काठी, आणि भगवा रंग काठीच्या बाहेरच्या टोकाकडे. रेलिंगला सुतळीने बांधू नका, खाली माणसं चालत असतात. गच्चीवर लावणार असाल तर वारा खालपेक्षा जास्त असतो हे धरूनच काठी निवडा आणि स्लॅबमध्ये भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग गेलं की वरच्या मजल्यावरचे जोशी काका वर्षभर तुमच्याशी बोलणार नाहीत, पॅरापेटच्या भिंतीला आतून क्लॅम्प करा.

ऑर्डर जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्या. काँक्रीटला पुरती ताकद यायला 28 दिवस धरतात, 12 ऑगस्टला पाया भरून 14 ला खांब उभा केला की तो कलणारच. आणि कोटेशन मागताना नुसतं '20 फुटी फ्लॅगपोल' असं लिहू नका, पाइपचा व्यास आणि पट्टीचा रंग किंवा स्टीलचा ग्रेड, जोड किती फूट आत, कप्पीचं चाक कशाचं, दोरी किती मिलिमीटरची, बेस बिजागरीचा की साधा, पाया किती खोल, आणि खड्डा-काँक्रीट त्यात धरलंय की वेगळं, हे सगळं लेखी मागा. तीन जणांकडून मागवलंत की कोण कुठे काटकसर करतोय ते लगेच दिसेल.