आधी पाळी कोणाची? युनियनची बेकारांची यादी अशी लावतात

मजूर नाक्यावर सकाळी टेम्पो थांबला की काय होतं, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मुकादम बोट दाखवतो, तू, तू आणि तू. बाकीचे डबा घेऊन परत घरी. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या गोदीतही १९३४ पर्यंत असंच चालायचं. त्या वर्षीच्या मोठ्या संपानंतर लवादाचा निवाडा आला आणि भरतीचा हॉल, म्हणजे नाव नोंदवून काम मिळण्याची जागा, सुरू झाला. कामावर कोणाला पाठवायचं हे सांगणारा डिस्पॅचर युनियनने निवडलेला असेल, असं त्यात ठरलं. बोट दाखवण्याची जागा यादीने घेतली.

मात्र यादी आली म्हणजे न्याय आला असं नाही. ती कोणत्या क्रमाने लावायची, इथेच सगळी गोम आहे. इथे मी अमेरिकेतल्या वायरमनांच्या आयबीईडब्ल्यू या संघटनेची पद्धत धरून सांगतो. १८९१ साली सेंट लुईसमध्ये सुरू झालेल्या या संघटनेच्या बांधकाम करारांत यादीचे नियम लेखी असतात. तिकडे काम शोधणाऱ्या मराठी वायरमनला ते माहीत हवेत, आणि इथे नाक्यावरच्या कामगारांची संघटना बांधणाऱ्यालाही.

१. आधी गट पाडा

सगळ्यांची मिळून एकच यादी नसते, चार असतात. त्यांना बुक वन, बुक टू असं म्हणतात. बुक वनमध्ये यायला चार गोष्टी लागतात: धंद्यातला किमान चार वर्षांचा अनुभव, त्याच भागातलं राहणं, जर्नीमनची म्हणजे पक्क्या कारागिराची परीक्षा पास, आणि गेल्या चार वर्षांत किमान एक वर्ष त्या कराराच्या हद्दीत केलेलं काम. बुक टूमध्ये अनुभव आणि परीक्षा असलेले, पण बाहेरगावचे कारागीर. यांना ट्रॅव्हलर म्हणतात. तीन आणि चारमध्ये कमी अनुभवाचे लोक.

या अटींमध्ये युनियनचं सभासदत्व कुठेच नाही, हे नीट लक्षात घ्या. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ‘फक्त सभासदांनाच काम’ ही पद्धत बंद केली. पुढे १९६१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की युनियनने हॉल चालवणं हे मुळात बेकायदा नाही, भेदभाव करणं बेकायदा आहे. म्हणून सभासद नसलेल्याचं नावही त्याच वहीत, त्याच क्रमाने लागलं पाहिजे. आपल्याकडे यादी करायला बसणाऱ्यांनी हा नियम सगळ्यात आधी लिहून काढावा. वर्गणीदार आधी आणि बाकीचे मागून, असं एकदा सुरू झालं की मुकादमाचं बोट फक्त दुसऱ्या हाताला लागतं.

२. गटाच्या आत तारीख

प्रत्येक बुकात ज्याने आधी सही केली तो वर. ओळख, नातं, गोड बोलणं, काही चालत नाही. बुक वन संपल्याशिवाय बुक टूला हात लावायचा नाही.

उदाहरण घेऊ. बुक वनमध्ये क (३ जून), ख (११ जून) आणि ग (२० जून). बुक टूमध्ये घ (२ मे) आणि च (१५ जून). कंत्राटदाराने चार माणसं मागितली तर क, ख, ग आणि मग घ जातील. घ सगळ्यांत आधीपासून वाट बघतोय, तरी चौथा. ट्रॅव्हलरला हे बोचतं, आणि मला ते समजतं. पण मंदीत आपल्या गावात काम पहिल्यांदा गावकऱ्याला, हा त्यामागचा विचार आहे.

गोदी कामगारांनी तारखेऐवजी तास धरले. ज्याचे कामाचे तास सगळ्यांत कमी, त्याला पहिलं काम. रोज नवीन जहाज, रोज नवीन काम, तिथे हे फार चांगलं चालतं, कमाई सारखी वाटली जाते. बांधकामावर एकेक काम महिनोन्‌महिने चालतं, तिथे मला तारीखच सोयीची वाटते. तुमच्या धंद्यात काम किती दिवसांचं असतं ते बघून ठरवा.

३. अपवाद मोजके आणि लेखी ठेवा

दोनच. कंत्राटदाराला खरोखरच खास कौशल्य हवं असेल, समजा वेल्डिंग, तर ते येणारा यादीतला पहिला माणूस जातो. वरच्या उदाहरणात ते फक्त ग आणि घला येत असेल तर ग जाईल. क आणि ख आपल्या जागी राहतील. दुसरा अपवाद वयाचा. कित्येक करारांत पाच जर्नीमन लागले तर पाचवा पन्नाशीच्या पुढचा, मिळाल्यास, घ्यावा लागतो. मात्र वरच्या बुकातली नावं संपल्याशिवाय खालच्या बुकातल्या वयस्काला उचलता येत नाही.

कंत्राटदाराला आलेला माणूस नाकारता येतो. आणि ४८ तासांत (शनिवार, रविवार, सुट्ट्या सोडून) हॉलने माणूस दिला नाही, तर तो बाहेरून घेऊ शकतो.

४. जागा जपा

समजा ग कामावर गेला आणि त्याची काही चूक नसताना ४० तासांत किंवा त्याआधीच काम संपलं. याला शॉर्ट कॉल म्हणतात. पुन्हा नाव नोंदवल्यावर ग शेवटी जात नाही, त्याची २० जूनची जागा त्याला परत मिळते. हा नियम नसता तर छोट्या कामाला कोणी गेलंच नसतं.

बऱ्याच हॉलमध्ये दर ३० दिवसांनी ‘री-साइन’, म्हणजे यादीवर पुन्हा सही, करावं लागतं. चुकलं की नाव उडतं आणि तळापासून सुरुवात. किती वेळा काम नाकारलं की नाव खाली घसरतं, हे युनियनच्या शाखेगणिक (तिकडे शाखेला ‘लोकल’ म्हणतात) बदलतं. पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

५. नियम भिंतीवर लावा, तक्रारीला जागा ठेवा

नियमांची प्रत युनियनच्या आणि कंत्राटदारांच्या, दोन्ही कचेऱ्यांच्या फलकावर लागते. तक्रार ऐकायला तिघांची समिती असते: एक युनियनचा, एक मालकांचा, आणि तिसरा दोघांनी मिळून नेमलेला बाहेरचा माणूस. आपल्याला डावललं असं वाटलं तर कोण कधी गेलं याची नोंद बघायला मागा. तिथल्या सरकारी कामगार मंडळाकडे जायचं असेल तर मुदत सहा महिन्यांची. म्हणून सही केली त्याच दिवशी तारीख, वेळ आणि बुक स्वतःच्या डायरीत टिपून ठेवा.