खुकरी घेताना आधी मनगटाला विचारा

काठमांडूच्या ठमेल भागात खुकरी, म्हणजे पुढे वाकलेल्या पात्याचा नेपाळी सुरा, घेताना नजर हमखास सर्वात मोठ्या पात्यावर जाते. तिला आवरा. नेपाळी घरांतली रोजच्या वापराची खुकरी साधारण १० ते ११ इंच पात्याची असते. फांद्या छाटणे, लाकूड फोडणे, मटण तोडणे, सगळं तिच्यावर भागतं. त्याहून मोठी बहुतेकदा भिंतीवरच टांगली जाते.

लांबीपेक्षा वजन जास्त फसवतं. एकाच लांबीची सडपातळ ‘सिरुपाते’ हातात हलकी लागते, तर रुंद पोटाची ‘भोजपुरे’ चांगलीच जड. खुकरीचा भार मुद्दामच पुढे, वाकानंतरच्या भागात असतो. घाव त्यानेच बसतो. म्हणून नुसत्या ग्रॅमच्या आकड्यावर जाऊ नका. हात सरळ पुढे धरून पातं मिनिटभर आडवं ठेवा, मग सावकाश वर-खाली करा. टोक आपोआप खाली झुकू लागलं, मनगट भरून आलं, तर ती तुमच्यासाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो. हलकं काम आणि ट्रेकिंगसाठी ४००-५०० ग्रॅम पुरे. लाकूड फोडायचं असेल तर ६००-७०० चालेल.

मूठही तपासाच. पारंपरिक मुठी बऱ्याचदा आखूड असतात. मोठ्या पंजाची करंगळी बाहेर राहिली तर पकड सुटते. म्यानातून काढताना बोटं धारेच्या बाजूला नकोत, कारण धार म्यानाचं चामडं कापून बाहेर येऊ शकते.

आणि हो, विमानाने परतणार असाल तर खुकरी चेक-इन सामानातच.