डोमेनचा सौदा करताना गोडीगुलाबी कशी टिकवायची

डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, घेणं-विकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही, पण बरीच वर्षं साइडला चालू आहे, चाळीसेक नावं पडून आहेत, वर्षाला दोन-तीन जातात, एखादं मी घेतोही. हा भाजीबाजार नाही हे मला जरा उशिराच कळलं. मंडईत एका गाळ्यावर भाव जमला नाही तर शेजारच्या गाळ्यावर तीच मेथी असते, इथे नाव एकच आणि मालकही एकच, त्याच्याशी वाजलं की संपलं. विकणाऱ्याचंही तेच, एखाद्या नावाला खरं गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांत एकदा फिरकतं, ते पळवून लावलं की बसा दरवर्षी रिन्यूअल, म्हणजे नाव आपल्याकडे ठेवायची फी, भरत. संस्कार वगैरे बाजूला ठेवा, निव्वळ हिशोब म्हणून बघितलं तरी नीट बोलणं परवडतं.

घेणारे असाल तर सगळं पहिल्या मेलवर असतं. 2018 साली युरोपचा खासगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा लागू झाल्यापासून हू-इजमध्ये, म्हणजे डोमेन कोणाचं ते दाखवणाऱ्या नोंदीत, मालकाचं नाव, मेल बहुतेक वेळा झाकलेलंच असतं, मग रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिथे डोमेन नोंदवतात त्या कंपनीच्या, फॉर्ममधून निरोप धाडायचा, आणि तो माणूस स्पॅमच्या ढिगात आपला निरोप बघणार हे धरून चालायचं. त्यामुळे विषयात सरळ डोमेनचं नाव, आत चार ओळी: "नमस्कार, मी अमुक. हे नाव तुमच्याकडे आहे असं दिसतंय. विकायचा विचार असेल तर मला घ्यायला आवडेल. नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल." बास. खोट्या गोष्टी नकोत, म्हणजे "मी गरीब विद्यार्थी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे" वगैरे, कारण समोरचा तुमचं नाव सर्च करतो आणि तुमची कंपनी निघते. कंपनीचं नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, न सांगणं चालतं, थापा मारणं चालत नाही.

आणि एक कळकळीची विनंती, नुसतं "बेस्ट प्राइस?" असा दोन शब्दांचा मेसेज टाकू नका. आपल्याला सवय असते, ओएलएक्सवर फ्रिज बघताना "लास्ट किती" विचारतो तसं, पण समोरच्याला ना तुमचं नाव माहीत ना गाव, तो म्हणतो आधी नमस्कार तरी कर बाबा. इंग्रजीत लिहिताना "काइंडली" पण जपून, आपल्याकडे तो शब्द नम्र वाटतो, बाहेरच्या माणसाला "काइंडली रिप्लाय सून" म्हणजे साहेबाने हुकूम सोडल्यासारखं वाटू शकतं.

आता आकडा. इथेच जास्त भांडणं होतात. "रजिस्ट्रेशन तर हजार रुपयाला होतं, मग लाख कसले मागता" हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता हसूही येत नाही. कोरी जमीन सरकारी दराने मिळत होती तेव्हा तुम्ही घेतली नाहीत, आता त्या दराचा दाखला देऊन काय उपयोग. दुसरी खोड म्हणजे मालाला नावं ठेवायची, "यात हायफन आहे, स्पेलिंग पण अवघड, कोण घेणार हे", अहो मग तुम्ही का घेताय? तुमचं बजेट कमी आहे ना, तर बजेट कमी आहे एवढंच म्हणा, "माझ्याकडे यासाठी चाळीस हजार आहेत, तुमच्या आकड्यापेक्षा कमी आहेत हे मला कळतंय" असं लिहिलं की समोरच्याला नाही म्हणतानाही वाईट वाटतं, आणि कधीकधी तो हो म्हणतो.

अगदीच फुटकळ ऑफर दिली की काय होतं त्याचा जुना किस्सा आहे. 2003 साली कॅनडात माइक रो नावाच्या शाळकरी पोराने स्वतःच्या नावापुढे सॉफ्ट लावून डोमेन घेतलं, माइकरोसॉफ्ट डॉट कॉम, मोठ्याने म्हणून बघा कसं ऐकू येतं ते. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी नाव मागितलं आणि बदल्यात 10 डॉलर देऊ केले, पोरगं भडकलं आणि त्याने 10 हजार मागितले. मग वकिलांनी तोच आकडा धरला, बघा, हा पैसे उकळायला बसलाय. हे पेपरांत आलं, लोक पोराच्या बाजूने, कंपनीची शोभा, आणि 2004 च्या जानेवारीत शेवटी तडजोड झाली, त्यात पोराला एक्सबॉक्स वगैरे मिळाला. सुरुवातीलाच कोणी त्याच्याशी दोन वाक्यं बरी बोललं असतं तर 10 डॉलरच्या जरा वर मिटलं असतं असं माझं मत.

विकणाऱ्यांनी यातून वेगळा धडा घ्यायचा. ट्रेडमार्कवाल्याला रागाच्या भरात आकडा फेकून मारू नका. यूडीआरपी म्हणून डोमेनच्या तंट्यांचा नियम आहे, 1999 पासूनचा, त्यात ट्रेडमार्कवाल्यालाच किंवा त्याच्या स्पर्धकाला खर्चापेक्षा जास्त पैशांत विकायच्या हेतूने नाव घेतलं असेल तर तो वाईट हेतूचा पुरावा धरतात, आणि तुमचा तो "दम असेल तर पाच लाख टाका" वाला मेल तिथे फाइलला लागतो. डॉट इनसाठी असाच आयएनडीआरपी आहे. आपल्याकडे मुंबई हायकोर्टाने 1999 मध्येच रेडिफ या वेबसाइटच्या बाजूने आणि रॅडिफ नाव घेणाऱ्याविरुद्ध निकाल दिला होता, एका अक्षराचा फरक, त्यामुळे असली नावं मुळात घेऊच नयेत. पण उलटही आहे, घेणाऱ्याने उगाच "वकिलाशी बोलतो" म्हणून दम देऊ नये. समोरच्याने ते नाव तुमचा ब्रँड जन्माला यायच्या आधी घेतलं असेल तर ती केस टिकणं अवघड, आणि भाव जमला नाही म्हणून केस ठोकली असं तंटा ऐकणाऱ्या पॅनेलला वाटलं तर निकालात तुमच्यावरच ताशेरे येतात, त्याला रिव्हर्स हायजॅकिंग म्हणतात.

बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करायची पद्धत होती ना, तिचा फायदा असा की आजूबाजूच्या कोणाला आकडा कळत नाही, आणि सौदा फिसकटला तरी चारचौघांत कोणाची लाज जात नाही. मेलवरचा सौदा तसाच झाकलेला ठेवायचा. समोरच्याने हास्यास्पद ऑफर दिली म्हणून स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा नाही. मी एकदा टाकला होता, त्या ग्रुपात त्या माणसाचा भाचा निघाला. पुढे काय झालं ते सांगत नाही.

विकताना कमी ऑफरला लेक्चर देऊ नका, "तुम्हाला डोमेनमधलं काही कळतं का" याने एक रुपयाही वाढत नाही. "ऑफरबद्दल आभार, या आकड्याला जमणार नाही, माझी अपेक्षा इतकी आहे, हा भाव 15 दिवस धरून ठेवतो" एवढं पुरे. आणि मग खरंच धरून ठेवा, मधे दुसरा कोणी जास्त म्हणाला तरी. गिऱ्हाईक हो म्हणाल्यावर भाव वाढवणारे लोक आहेत, माझ्याशी एकाने केलंय हे, 60 ठरले आणि दुसऱ्या दिवशी 85, मी पैसे असूनही घेतलं नाही आणि परत त्याच्या दारात गेलो नाही. इसार घेतलेला नसला तरी शब्द गेलाय ना.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक आठवण, मग महिन्याने एक, त्यापुढे गप्प. लोक दिवाळीत गावाला जातात, अमेरिकेतला माणूस तुम्ही जागे असताना झोपलेला असतो. आणि "तुमचं एक्स्पायर होतंय, तेव्हा फुकटात घेईन" हे कधी लिहू नका, एक तर ते झोंबतं, दुसरं म्हणजे तसं होत नाही, डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे 45 दिवसांपर्यंत मालकाला रिन्यू करता येतं, मग 30 दिवस रिडेम्प्शन, तेव्हाही जादा पैसे भरून परत मिळतं, आणि त्यानंतर 5 दिवसांनी नाव सुटतं, तेही लिलाववाल्यांनी आधी उचललं नाही तर. मी एका मालकाला उलट कळवलं होतं की मुदत संपलीय, बघून घ्या. त्याने रिन्यू केलं, मनापासून थँक्यू म्हणाला, आणि नाव मला विकलं नाही. अजून नाही.

भाव ठरला की पैशांची भाषा लगेच स्पष्ट करा, एस्क्रोची, म्हणजे नाव हातात येईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताची, फी कोण भरणार, जीएसटी धरून की वेगळा. एस्क्रो सुचवताना लोक अवघडतात, समोरच्याला चोर म्हटल्यासारखं वाटेल म्हणून, तर असं म्हणायचं, "मी सगळ्यांशी एस्क्रोनेच करतो, तुम्हालाही बरं", म्हणजे विषय माणसावर येत नाही, पद्धतीवर राहतो. नाव नवीन घेतलेलं किंवा नुकतंच ट्रान्सफर झालेलं असेल तर साधारण 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जात नाही, हे विकणाऱ्याने पैसे घ्यायच्या आधी सांगायचं. त्याच रजिस्ट्रारकडच्या दुसऱ्या अकाउंटला नाव सरकवणं, म्हणजे पुश, बहुतेक वेळा होतं, तोही पर्याय सांगा. ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा पासवर्ड, मागायला पाच-पाच मेल करायला लावू नका.

घेणाऱ्याने मात्र एक विचारायचं, जे जवळजवळ कोणी विचारत नाही: या डोमेनवर तुमचे मेल चालू आहेत का? असतील तर हलवायला दोन-तीन आठवडे द्या, बँकेला, गिऱ्हाइकांना नवीन पत्ता कळवायला वेळ लागतो. कारण नाव तुमच्याकडे आलं आणि तुम्ही त्यावर सगळे मेल येऊ देणारी सेटिंग चालू केलीत की त्याचे मेल तुमच्याकडे येतात, वाचू नयेत असेही. मला सहा महिने एका जुन्या मालकाच्या सोसायटीचं मेंटेनन्स थकल्याचे मेल येत होते, आधी फॉरवर्ड करत राहिलो, शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनाच लिहिलं की काका, मी तो नाही, आणि त्यांचं उत्तर आलं, मग तुम्ही भरा.