गच्चीवरच्या लाकडी डेकचं जुनं पॉलिश काढून नवा स्टेन कसा द्यावा

पुण्यात हे काम काढायचं ते दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते आणि धुतलेलं लाकूड नीट वाळतं. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या फळीवर स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारं रंगीत तेल, मुरायच्या आत वरच्यावर सुकतो, शिवाय वळवाचा नेम नाही.

आधी फळीवर पाण्याचे थेंब टाकून बघा. दहा मिनिटांत मुरले तर जुनं तेल संपलंय, धुऊन घासलं की पुरे. थेंब तसेच उभे राहिले आणि नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला, तर वर पीयू (पॉलियुरेथेन, कडक थर बसणारं पॉलिश) किंवा वॉर्निश आहे. ते पूर्ण काढावंच लागतं, नाहीतर नवा स्टेन ठिगळं लावल्यासारखा दिसतो. मुळात उघड्या गच्चीवर पीयू देऊच नये. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं. वरचा कडक थर तेवढा ताण सोसत नाही, तडकतो, आणि त्या चिरेतून शिरलेलं पाणी आतच अडकून लाकूड काळं पडतं.

जुना थर सोडवणारा रिमूव्हर, ऑक्झॅलिक ॲसिड, ब्रश हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. रबरी हातमोजे आणि गॉगल त्याच फेरीत घ्या. जेलसारखा रिमूव्हर जाड थरात लावा, १५-२० मिनिटं ठेवा, पण सुकू देऊ नका. सुकला की पुन्हा चिकटतो. मग पुट्टीच्या पत्तीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने खरवडा आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. तारेचा ब्रश किंवा स्टील वूल नकोच. लोखंडाचा कीस लाकडात राहतो आणि लाकडातल्या टॅनिन या द्रव्यामुळे त्याचे निळे-काळे डाग पडतात.

कॉस्टिक सोडा असलेल्या रिमूव्हरने लाकूड काळवंडतं. त्यावर उपाय ऑक्झॅलिक ॲसिड: प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम. ओल्या फळीवर लावून २० मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. करडेपणाही त्यानेच जातो. पण दोन गोष्टी सांभाळा. कॉस्टिक स्लायडिंग दरवाजाचं ॲल्युमिनियम खातं, आणि ॲसिड शहाबादी फरशी खातं, कारण तो चुनखडीचाच दगड. दोन्ही आधी प्लास्टिकने झाका. कुंड्या लांब हलवा.

आता किमान तीन दिवस वाळू द्या. लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर मिळाला तर आकडा १५ टक्क्यांखाली हवा. वर आलेले स्क्रू दोन-तीन मिलिमीटर आत बसवा, नाहीतर घासताना सँडपेपर फाटतो. घासताना मास्क लावा. आधी ६० नंबर, मग ८० नंबरचा पेपर, आणि तिथेच थांबा. १८०-२२० पर्यंत गुळगुळीत करण्याची फर्निचरची सवय इथे नडते. लाकडाची छिद्रं बुजतात आणि स्टेन आत जात नाही.

१०० चौरस फुटांना दोन हातांसाठी साधारण दोन लिटर ऑइल स्टेन धरा. उन्हाने रापलेलं लाकूड जास्त पितं. रंगद्रव्य तळाशी बसतं, म्हणून डबा तळापासून ढवळा. दोन डबे असतील तर एकत्र करा, छटा जुळते. सकाळी दव वाळल्यावर, सावली असलेल्या बाजूने सुरुवात करा. एका वेळी दोन-तीनच फळ्या, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच थांबलात तर जोडाचा गडद पट्टा कायमचा दिसतो. फळीच्या कापलेल्या टोकांना दोनदा पाजा, पाणी तिथूनच सर्वात जास्त शिरतं. १५ मिनिटांनी न मुरलेला स्टेन फडक्याने पुसून घ्या. पुसला नाही तर डेक कितीतरी दिवस चिकट राहतो आणि धूळ धरतो. दुसरा हात कधी द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं पाहा.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

कुंड्या परत मांडताना प्रत्येकीखाली पाय किंवा स्टँड द्या. थेट ठेवलेल्या कुंडीखाली ओल साचून काळं वर्तुळ उमटतं आणि ते घालवायला पुन्हा ऑक्झॅलिकच लागतं.