न्यू जर्सीत स्वतंत्र घर घेतले असेल, तर निदान या चुका टाळा

एडिसनच्या आसपास अपार्टमेंट सोडून स्वतंत्र घरात राहायला जाणारी मराठी कुटुंबे मी गेली अठरा वर्षे पाहत आहे, आणि दरवर्षी त्याच तक्रारींचे तेच फोन मला येतात. त्यांच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते, ती म्हणजे दाराच्या आतले आपले आणि बाहेरचे सोसायटीचे. इथे ना वॉचमन असतो ना सेक्रेटरी. बहुतेक गावांत घरासमोरच्या पदपथावरचा बर्फसुद्धा घरमालकानेच ठरावीक तासांत काढायचा असतो.

सर्वांत जास्त हाल होतात ते गवताचे. ओळखीतल्या एका तरुणाने जुलैच्या भर उन्हात मॉवर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, सर्वांत खालच्या खाचेवर लावून सगळे अंगण तासून काढले आणि "काका, आता महिनाभर बघायला नको," असे मला मोठ्या अभिमानाने सांगितले. इथल्या अंगणांत केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू अशी थंड हवेची गवते असतात; ती वसंतात आणि शरदात जोमाने वाढतात, ऐन उन्हाळ्यात मात्र मरगळतात. पाते फार आखूड केले की मुळे खोल जात नाहीत आणि उघडी पडलेली जमीन तापते, हे त्याच्या गावी नव्हते. आठवडाभरात अंगण वाळक्या चटईसारखे दिसू लागले, तेव्हा घाबरून त्याने दुकानातून खताची अख्खी पिशवी आणून दुपारीच ओतली आणि जे गवत तगले असते तेही जाळले. उरलेली जागा क्रॅबग्रासने व्यापली, आणि पुढे टाउनशिपचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे, पत्र आले ते त्या माजलेल्या तणाबद्दल.

मी गवत तीन ते साडेतीन इंच ठेवतो आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कधीच कापत नाही. त्यासाठी गॅरेजमध्ये मुलाची जुनी पट्टी टांगून ठेवली आहे, तिला घरातले सगळे हसतात. नवे बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टाकावे. मे महिन्यात टाकलेले बी उगवते खरे, पण मुळे रुजण्याआधीच उन्हाळा गाठतो. न्यू जर्सीत 2011 सालापासून खतासाठी कायदा आहे आणि 15 नोव्हेंबर ते 1 मार्च या काळात घरमालकाला अंगणात रासायनिक खत टाकता येत नाही. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी सरळ पैसे देऊन माणूस लावावा, त्यात काहीही कमीपणा नाही.

हळदीकुंकवाची निमंत्रणे शेजाऱ्यांच्या मेलबॉक्समध्ये टाकू नयेत. तिकीट न लावलेले काहीही त्यात टाकणे हा केंद्रीय कायद्याचा भंग आहे. दाराची घंटा वाजवावी, त्या निमित्ताने ओळखही होते. मांडवाचा खांब किंवा कुंपण रोवण्यासाठी खणण्याआधी काही दिवस 811 ला फोन करावा, म्हणजे जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या मुख्य वाहिन्यांवर फुकट खुणा करून मिळतात. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे.

बाहेरच्या नळाची चूक मात्र मी स्वतः केलेली आहे. पहिल्याच हिवाळ्यात बागेची रबरी नळी नळाला तशीच जोडून ठेवली. नळ न गोठणाऱ्या जातीचा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण नळी जोडलेली असली की आतले पाणी निथळत नाही, ते गोठून फुगते आणि भिंतीच्या आत पाइप चिरतो. हिवाळाभर काहीच कळले नाही. एप्रिलमध्ये रोपांना पाणी घालायला नळ सोडला आणि अर्ध्या तासाने बेसमेंटमध्ये गेलो, तर भारतातून आणलेल्या पुस्तकांची खोकी पाण्यात उभी होती. तेव्हापासून कोजागिरीचे दूध आटायला ठेवले की मी आधी बाहेर जाऊन नळी काढतो, आतली चावी बंद करतो आणि बाहेरचा नळ उघडाच ठेवतो.