लाल आकडा शून्य झाला, तरी टाळ चुकतच होता

नाशिकमधल्या मखमलाबादच्या एका सप्ताहातलं काल्याचं कीर्तन हे माझं पहिलं मोठं काम. एक तास पन्नास मिनिटं. कॅमेरा मंडपात मागे, रेकॉर्डर बुवांच्या पुढ्यात. साउंडचं काम शिकून जेमतेम चार महिने झालेले आणि सगळं येतं असा समज. त्या एका फाइलने मला अकरा दिवस रडवलं. सातपूरला घरी रात्री दोन-दोनपर्यंत हेडफोन लावून बसायचे, आणि आई म्हणायची, "अगं, तेच तेच काय ऐकतेस?"

कॅमेऱ्याचा आवाज काढून रेकॉर्डरचा लावायचा, हे तुम्हाला येत असेलच. मीही तेच केलं. पहिला टाळ वाजतो तिथे वेव्हवर, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखावर, बाभळीच्या काट्यासारखं टोक दिसतं, आणि चित्रात ज्या फ्रेमला टाळाच्या दोन वाट्या भिडतात ती फ्रेम शोधता येते. दोन्ही जुळवलं, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ-ऑडिओ लिंक केले, म्हणजे एकमेकांना बांधले, आणि झोपले. सकाळी तासाच्या खुणेवर जाऊन पाहिलं तर आवाज सहा फ्रेम उशिरा. लिंक तोडली, ऑडिओ सहा फ्रेम मागे ओढला, परत लिंक केली. लगेच क्लिपच्या कोपऱ्यात लाल चौकटीत सहाचा आकडा उमटला.

मी घाबरले. लाल म्हणजे चूक, एवढंच डोक्यात. राइट क्लिक केलं, 'मूव्ह इनटू सिंक' (सिंक म्हणजे चित्र-आवाजाचा मेळ) दाबलं, आकडा गेला. हुश्श. आणि तासाच्या खुणेवरचा टाळ परत सहा फ्रेम उशिरा!

इथे थांबा, कारण मी इथेच अडकले. सॉफ्टवेअरला टाळ ऐकू येत नाही. तुम्ही दोन क्लिप ज्या स्थितीत लिंक केल्या, त्या स्थितीपासून त्या किती सरकल्या, एवढंच तो लाल आकडा सांगतो. तुम्हीच चुकीच्या जागी लिंक केलं असेल तर प्रोग्रॅम मुकाट बसेल. आणि तुम्ही चूक सुधारलीत तर तो लाल होईल. म्हणजे इशारा नाही म्हणून सिंक बरोबर, असं नाही; इशारा आहे म्हणून चूक, असंही नाही. मी तीन दिवस तो आकडा शून्य करत बसले होते. दर वेळी शून्य, आणि दर वेळी चूक.

सिडकोतल्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ करणारे एक दादा आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दर दहा मिनिटांला काप आणि सरकव. कोण बघतंय?" कापलं. पहिल्या तुकड्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन... शेवटच्या तुकड्यावर अकरा. मग ती फाइल पखवाज वाजवणाऱ्या काकांना ऐकवली. पंचवटीत राहतात, बोलणं तोडून टाकल्यासारखं. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, मी ठेका सोडला नव्हता. हा मधेच उडी का मारतो?" सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. दर कापाला मी त्यांच्या ठेक्यातून तेवढा तुकडा उडवत होते. नुसतं बोलणं असतं तर कदाचित खपलंही असतं, चालू ठेक्यात कसं खपेल?

दादांवर माझा राग नाही. पण ज्याचं काम कधी तालात बसवावं लागलेलं नाही, त्याला तालाच्या कामाचं विचारू नका. पैसे घेऊन 'एका क्लिकमध्ये सिंक' शिकवणाऱ्यांना तर मुळीच नाही.

उत्तर खरं तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. एक, दोन, तीन, अकरा, असा जिना. सगळीकडे सारख्याच फ्रेम सरकवाव्या लागत असतील तर क्लिप फक्त जागेवरून हललीय. एकदा सरकवा, विषय संपला. आकडा वाढत जात असेल तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालताहेत. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांवर 48000 लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने, पण प्रत्येकाच्या आतला घड्याळाचा क्रिस्टल सेकंद आपापल्या परीने मोजतो. माझ्याकडे 110 मिनिटांत 11 फ्रेम, म्हणजे 440 मिलिसेकंदांचा फरक पडला होता. टक्क्यांत 0.0067. एवढासा! पण आवाज चित्रामागे 125 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की साधारण प्रेक्षकाला कळायला लागतं, आणि आवाज चित्राच्या आधी आला तर 45 लाच.

हे सरकवून सुटत नाही, अख्खी फाइल ताणावी किंवा आवळावी लागते. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये न कापलेली मूळ फाइल घेतली, स्पीड बदलायच्या इफेक्टमध्ये 0.007 टक्के वाढवले. शेवटी जेमतेम अर्धी फ्रेम उरली. सूर बदलेल का? बदलतो, पण इतका कमी की बुवांनाही कळणार नाही. रीपर हा प्रोग्रॅम वापरत असाल तर ऑल्ट दाबून क्लिपची कड ओढली की लांबी तशीच बदलते. किती ताणायचं ते दोन्ही टोकं पाहूनच कळतं, म्हणून सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी, दोन्ही रेकॉर्ड करा. शेवटची टाळी सगळे विसरतात, मीही विसरले होते. आरतीतल्या शेवटच्या टाळाने वाचवलं.

फोनवर शूट केलं असेल तर याच्याही आधी एक काम. फोनचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तो कमी उजेडात खालीवर होतो. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये 'व्हेरिएबल' दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, करून घ्या, नाहीतर जिनासुद्धा धड दिसणार नाही, आकडे वाटेल तसे नाचतील. आणि आवाज चक्क पातळ, घाईत येत असेल तर तो वेगळा आजार: 44100 ची फाइल 48000 समजून वाजतेय. सुमारे नऊ टक्के वेग वाढतो, दोन ओळीत कळतं. त्याला घाबरायचं कारण नाही, सेटिंग बदललं की मिटतं.

एवढं करूनही काका म्हणाले, "हात आधी पडतो, आवाज मागून येतोय." या वेळी मी वेव्हवरून ऑटो सिंक केलं होतं, म्हणजे रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकशी जुळवला होता. कॅमेरा शेवटच्या रांगेमागे, बुवांपासून वीसेक मीटरवर. आवाजाला तेवढं अंतर कापायला 58 मिलिसेकंद लागतात. दीड फ्रेम! प्रोग्रॅमने त्या उशिरा पोचलेल्या आवाजाशी इमानाने जुळवून दिलं होतं.

लिंक तोडली, ऑडिओ एक फ्रेम मागे ओढला, परत जोडला. कोपऱ्यात लाल चौकटीत एक. काकांना परत बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडून स्वतःचा हात पाहिला, आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे लाल काय आहे?"

"राहू द्या काका, ते असंच असतं."