डायपर सोडवताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की पाळणाघरात ठरलेली विनंती येते. "काकू, जूनमध्ये नर्सरी सुरू होतेय, तेवढं डायपर सोडवून द्या ना." जणू पॅंटची शिलाई उसवलीय आणि मी टाके घालून देणार आहे! अठरा वर्षं लोकांची पोरं सांभाळतेय, आणि दर वर्षी चुका त्याच.

पहिली चूक म्हणजे कॅलेंडर बघून सुरुवात करणं. बहुतेक मुलं दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान दिवसा कोरडी राहायला लागतात, काही साडेतीनपर्यंत जातात. मुली साधारण दोन-तीन महिने पुढे असतात, त्यामुळे ताईचं उदाहरण दादाला देऊ नका. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (2003) असं दिसलं की सत्तावीस महिन्यांच्या आधी जोर लावून सुरुवात केली तरी मुलं लवकर तयार होत नाहीत, फक्त शिकवणं लांबतं. मी वय विचारतच नाही. चड्डी दोन-दोन तास कोरडी राहते का, ती स्वतः खाली ओढता येते का, "तो चेंडू आण" म्हटलं की आणतो का, एवढंच बघते.

यावर आजी म्हणतात, "आमची तर वर्षाच्या आत बसायची." बसायची, खरंय. पण आजी दोन पायांवर धरून, शूऽ शूऽ करत, बाळाची वेळ ओळखून बसवायच्या. घड्याळ आजींच्या डोक्यात होतं, बाळाच्या नव्हे. शिवाय लंगोट ओला झाला की बाळाला लगेच कळायचं, डायपरमध्ये काहीच कळत नाही. दिवसभर असं लक्ष ठेवणारं माणूस घरात असेल तर खुशाल तसं करा. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते जमत नाही. "तीन दिवसांत डायपरमुक्ती"चे व्हिडिओ बघून आलेल्या आईबाबांना मी आधी चहा देते.

दुसरी चूक जास्त महागात पडते: कडक शीकडे दुर्लक्ष. माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. शू अगदी वेळेवर, कमोडमध्ये. शीचं नाव काढलं की पडद्यामागे. पडद्याखालून फक्त पावलं दिसायची, टाचा उचललेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. आम्हाला वाटायचं, कुंथतोय. तो खरं तर शी अडवून धरत होता. पुढे चड्डीला दिवसातून तीन-चारदा डाग पडायला लागले. बाबा म्हणाले, "मुद्दाम करतो." आणि मी, एवढी अनुभवी बाई, त्याला वीस-वीस मिनिटं कमोडवर बसवून ठेवत होते. तो रडायचा, मी गोष्टी सांगायचे. शुद्ध गाढवपणा.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि उलगडा झाला. आत जुनी, घट्ट शी साठली होती आणि पातळ शी तिच्या कडेने झिरपत होती. आतडं ताणलं गेलं की "लागलीय" ही जाणीवच बोथट होते. पोराला खरोखर कळत नव्हतं. कधीतरी खडा होऊन दुखलं असणार, तेव्हापासून त्याने धसका घेतला. शी मऊ करणारं औषध सुरू झालं. आठ दिवसांत पोट साफ होऊ लागलं म्हणून आईने ते स्वतःच बंद केलं, आणि पुन्हा पडदा! दुसऱ्या खेपेला औषध काही महिने चाललं. दिवसाचं पाऊण लिटर दूध निम्म्यावर आणलं आणि शीपुरतं डायपर सरळ परत दिलं. लोकांना ही माघार वाटते. मला नाही वाटत. दुखणं थांबल्याशिवाय कुठलंही मूल कमोडवर बसत नाही.

तेव्हापासून माझा नेम असा: जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटांनी बसवायचं, कारण खाल्ल्यावर आतडी हलतात. पाच मिनिटं, जास्त नाही. पायाखाली पाट. पाय लोंबकळत असले की जोर लागत नाही. आपण उकिडवं बसून वाढलो, आपल्याला हे सांगावं लागत नव्हतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. बटणांची जीन्स घालून पाठवू नका, इलॅस्टिकची चड्डी द्या. धाकटं भावंड आलंय किंवा घर बदललंय, तर महिना-दोन महिने हा विषयच काढू नका. घरी एक शब्द आणि पाळणाघरात दुसरा असं नको. "शी, घाण!" म्हणत नाक मुरडू नका, त्याला ते स्वतःबद्दलच वाटतं. प्रत्येक शूला चॉकलेट दिलंत तर दोन थेंबांचाही हिशोब मागितला जाईल, अनुभवाने सांगते.

रात्रीचं गणित वेगळं आहे. झोपेत कोरडं राहणं शिकवून येत नाही, पाच वर्षांपर्यंत गादी ओली झाली तर रबरी शीट घाला आणि गप्प बसा. मात्र कित्येक महिने कोरडं राहिलेलं मूल दिवसा अचानक चड्डी भिजवायला लागलं, किंवा शू करताना रडलं, तर लघवी तपासून घ्या.

आणि पाळणाघरात चार चड्ड्या पाठवा, एक नको. सोबत जास्तीची चप्पलही द्या. सगळ्यांत आधी तीच भिजते, आणि आजवर एकाही आईने ती पाठवलेली नाही.